शाळा सुटल्यानंतरचे दोन तास : शिकवणाऱ्यांना कोण शिकवणार?

असरची नमाज आटोपली की अकोल्याच्या बैदपुऱ्यात, अकोट फैलात, अमरावतीच्या पठाण चौकात आणि नागपुरी गेटच्या गल्ल्यांत मुलांची वर्दळ सुरू होते. शाळेचे दप्तर घरी टाकायचे, हातपाय धुवायचे, टोपी किंवा ओढणी सावरायची आणि मकतब गाठायचा. मगरिबनंतर त्यातलीच काही मुले ट्यूशनला जातात, काही मोहल्ल्यातील एखाद्या मंडळाच्या अभ्यासवर्गात बसतात. दिवसाचे हे दोन-तीन तास शाळेचे नसतात आणि पुरते घराचेही नसतात. अब्बा गॅरेजमधून किंवा हातगाडीवरून रात्री परततात, अम्मी घरकामातून उरलेला वेळ शिलाई मशीनवर काढते. अशा घरात वही उघडून बघणारे दुसरे कोणी नसते. त्यामुळे हे तास कोणाच्या हाती आहेत, यावर त्या घरातील मुलांचे बरेच काही ठरते.

वर्ग सुरू करणे आपल्याला जड जात नाही. एखादा सज्जन हॉल देतो, दुसरा पंखे देतो, तिसरा चटया आणि फळा. उद्घाटनाला गर्दी होते, फोटो निघतात. शिकवायला बारावी झालेली मोहल्ल्यातील एखादी मुलगी किंवा नोकरीच्या शोधात असलेला पदवीधर तरुण मिळतो. दोघेही मनापासून येतात. पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर दुसरीपासून आठवीपर्यंतची चाळीस मुले बसलेली असतात. कोणी उर्दू माध्यमाचे, कोणी मराठी, कोणी इंग्रजी शाळेचे. काय करायचे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मग त्यांना ठाऊक असलेली एकच गोष्ट ते करतात : शाळेत स्वतःला जसे शिकवले गेले तसे शिकवतात. "गृहपाठ काढा, गप्प बसा." महिना-दोन महिन्यांत मोठी मुले गळतात, नंतर लहान. वर्षाच्या आत शिकवणारी मुलगीही सोडते आणि हॉलला कुलूप लागते. ठपका मात्र मुलांवर येतो, की त्यांना शिकायचेच नाही.

कुरआन शिकवण्याच्या बाबतीत आपण इतके बेफिकीर नाही. तजवीद शिकवणाऱ्याने आधी उस्तादांसमोर बसून वाचलेले असते, चुका दुरुस्त करून घेतलेल्या असतात, उस्तादांनी इजाजत दिलेली असते. कोणाकडून शिकलात, हे विचारले जाते. मकतबच्या मुअल्लिमांसाठी नूरानी कायदा कसा शिकवावा याचे वेगळे प्रशिक्षण आपल्याकडे चालते. मुंबईची दीनियात ही संस्था असे काम करते. म्हणजे शिकवणाऱ्यालाही शिकावे लागते, आणि ते जाणत्या माणसाच्या नजरेखाली शिकावे लागते, ही गोष्ट आपल्या परंपरेला नवी नाही. मग त्याच मुलाचे वाचन, गणित आणि विज्ञान ज्याच्या हाती देतो, त्याच्याकडून आपण इतकी कमी अपेक्षा का ठेवतो?

या प्रश्नावर आपल्याच देशात बरेच काम झाले आहे आणि त्याची सुरुवात मुंबईच्या वस्त्यांतून झाली. १९९० च्या दशकात प्रथम या संस्थेने 'बालसखी' हा उपक्रम सुरू केला. वस्तीतीलच, शालेय शिक्षण झालेल्या तरुणींना सुरुवातीला दोन आठवड्यांचे प्रशिक्षण द्यायचे, पुढे वर्षभर मार्गदर्शन करायचे, आणि तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांचा गट रोज दोन तास त्यांच्याकडे सोपवायचा. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोदा येथे अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाची काटेकोर पाहणी केली. (बॅनर्जी मुंबईत जन्मलेले, आई मराठी, २०१९ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह मिळाला.) मुलांचे गुण वाढले आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. बालसखींकडे डी.एड.ची पदविका नव्हती, मानधन महिना पाचशे-साडेसातशे रुपये होते. मात्र मदत थांबल्यावर वर्षभरात या वाढीतला बराच भाग ओसरला, हेही त्याच पाहणीत दिसले. पाच-सहा महिन्यांचा वर्ग चालवून पुढच्या वर्षी कुलूप लावणाऱ्या आपल्या मंडळांनी हे लक्षात घ्यावे.

पुढे उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात गावातल्या तरुण स्वयंसेवकांना थोडे दिवस शिकवून शाळेनंतरचे वाचनवर्ग चालवले गेले. जी मुले आली त्यांची वाचनात लक्षणीय प्रगती झाली. पण गरज असलेल्या मुलांपैकी फारच थोडी आली. वर्ग चांगला असणे आणि मूल वर्गापर्यंत पोहोचणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्यातून कळले.

आमच्या मते सर्वांत बोलका अनुभव बिहार, उत्तराखंड आणि हरियाणाचा आहे. बिहारमध्ये काही शाळांना फक्त साहित्य दिले, काहींत शिक्षकांना साहित्यासोबत प्रशिक्षणही दिले. शाळेच्या नेहमीच्या दिवसात या दोन्हींचा मुलांच्या शिकण्यावर जवळजवळ काहीच परिणाम झाला नाही. पण जिथे प्रशिक्षित स्वयंसेवक मुख्यतः शाळेच्या वेळेबाहेर मुलांना घेऊन बसले, तिथे फरक पडला. उत्तराखंडात तसेच स्वयंसेवक शाळेच्या रोजच्या कामात ओढले गेले, त्यांचे वेगळे काम उरलेच नाही, आणि परिणामही उरला नाही. मग २०१२-१३ मध्ये हरियाणात तीन गोष्टी बदलल्या. रोजचा एक तास फक्त या कामासाठी राखून ठेवला. मुलांना इयत्तेने नव्हे, वाचन किती येते त्यानुसार बसवले. आणि शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या गट पातळीवरच्या अधिकाऱ्यांनी आधी स्वतः पंधरा-वीस दिवस मुलांना शिकवले. नंतर तेच वर्गांना भेटी देत राहिले. हिंदी वाचनात मुले पुढे गेली.

वर्ग तेच, शिक्षक तेच, फळाही तोच होता. तीन दिवसांची कार्यशाळा, चहा-नाश्ता आणि प्रमाणपत्र एवढ्याने शिकवणे बदलत नाही. बदलते ते शिकलेली गोष्ट मुलांवर करून पाहिल्याने, कोणीतरी शेजारी बसून बघितल्याने आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बघितल्याने. प्रशिक्षण देणारा स्वतः मुलांमध्ये घाम गाळलेला असला पाहिजे. अमेरिकेत शाळेनंतरच्या वर्गांवर झालेल्या मोठ्या अभ्यासातही असेच आढळले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात केंद्रप्रमुखांना वर्ग कसा पाहावा हे शिकवले, पाहिलेल्यावरून शिकवणाऱ्यांसोबत बसून सुधारणेची योजना करायला लावली. वर्गांचा दर्जा सुधारला, आणि काम करणारे जास्त काळ टिकले असेही दिसले. आपल्याकडच्या गळतीचे औषध बहुधा इथेच आहे. मानधन कमी आहे हे खरे. पण एकटे पडल्यामुळे, रोज हरल्यासारखे वाटल्यामुळे सोडून जाणारेही कमी नसतात.

अमरावतीकरांना तर यासाठी हरियाणाकडेही बघायला नको. १९१४ साली आखाडा म्हणून सुरू झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ शहरातच आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आलेली ही संस्था देशभर ओळखली जाते ती केवळ मल्ल घडवले म्हणून नव्हे, तर व्यायाम शिकवणारे शिक्षक घडवले म्हणून. मल्लखांब शिकवणाऱ्याने आधी खांबावर चढलेले असावे लागते आणि चढणाऱ्याखाली हात कुठे धरायचा हेही त्याला कळावे लागते, ही साधी गोष्ट आखाड्याला शंभर वर्षांपूर्वी कळली होती. फळा-खडूच्या वर्गात ती लागू करायला काय हरकत आहे?

आता प्रशिक्षणात नेमके काय असावे? एक उदाहरण घेऊ. चौथीचा मुलगा ४६ वजा २९ करतो आणि उत्तर लिहितो २३. प्रशिक्षण नसलेला दादा लाल फुली मारतो, फळ्यावर एकदा करून दाखवतो, "हातचा घे रे" म्हणतो. मुलगा मान हलवतो आणि पुढच्या गणितात तीच चूक करतो. प्रशिक्षण मिळालेली आपा विचारते, "बेटा, कसे केलेस ते सांग बरं." मुलगा सांगतो, चारातून दोन गेले दोन, नवातून सहा गेले तीन. म्हणजे त्याला वजाबाकी येते. प्रत्येक जागी मोठ्यातून लहान काढायचा, असा नियम त्याने मनाशी बांधला आहे. त्याला दशक फोडणे दाखवायला हवे. त्यासाठी आगकाड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे पुरतात : चार गठ्ठे आणि सहा सुट्या काड्या, नऊ द्यायच्या आहेत, सुट्या सहाच आहेत, मग एक गठ्ठा सोड. मूल स्वतः दोरा सोडते आणि सतरावर पोहोचते. "कसे केलेस" हा प्रश्न विचारायला पाच सेकंद लागतात, पण तो विचारायची सवय लागायला महिना लागतो आणि ती व्याख्यान ऐकून लागत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची, खास आपल्या भागाची. उर्दू शाळेतून आलेले मूल मराठी वाचताना 'पाणी'चे 'पानी' आणि 'डोळा'चे 'डोला' करते. शिकवणारा हसतो किंवा ओरडतो. उर्दूत ण आणि ळ हे उच्चारच नाहीत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आणि गंमत अशी की शेजारचा पिढीजात वऱ्हाडी माणूसही घरी 'पानी'च म्हणतो आणि डोळ्याला 'डोया' म्हणतो! त्याला कोणी मंदबुद्धी ठरवत नाही. मुलाच्या कानाला ते आवाज आधी वेगळे ऐकू यायला हवेत : माळ आणि माल, बाण आणि बान, खेळातून, जोड्या लावून. राज्यात मराठी शिकणे सर्व शाळांत सक्तीचे झाले आहे. दहावीला मराठीच्या पेपरात अडखळणारी आपली मुले तिसरी-चौथीतच अडखळू लागलेली असतात.

तिसरी गोष्ट सर्वांत आधी करायची. मूल वर्गात आले की पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला एकेकटे घेऊन पाच मिनिटे वाचून घ्यायचे : अक्षर, शब्द, छोटा उतारा, गोष्ट. 'असर' या वार्षिक सर्वेक्षणात हीच पद्धत वापरतात. (नमाजच्या असरशी या नावाचा संबंध नाही, पण वेळ जुळते.) त्या सर्वेक्षणानुसार २०२२ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले जेमतेम वीस टक्के होती, आणि शिकवणीला जाणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मधील २६.४ टक्क्यांवरून ३०.५ टक्क्यांवर गेले होते. पालक पैसे मोजत आहेत. ते कशासाठी मोजत आहेत हे त्यांना कळायचे तर मूल कुठे आहे आणि तीन महिन्यांत कुठे पोहोचले, याची नोंद केंद्रात हवी. सहावीतला मुलगा शब्दांवर अडखळत असेल तर त्याला सहावीचा गृहपाठ उतरवून देण्यात अर्थ नाही. त्याला चिमुकल्यांच्या रांगेत बसवून लाजवायचेही नाही. हे कसे सांभाळायचे, हाही प्रशिक्षणाचाच विषय आहे.

छडीबद्दल स्पष्ट लिहितो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली आहे. आपला अभ्यासवर्ग किंवा मकतब त्या कायद्याने 'शाळा' ठरत नसेल, पण मूल तेच आहे. हजरत अनस (रजि.) यांनी लहानपणापासून दहा वर्षे पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांची खिदमत केली आणि त्या काळात एकदाही त्यांना साधे 'उफ्' ऐकावे लागले नाही, असे तेच सांगत. ही हदीस आपण जलशांत ऐकवतो आणि संध्याकाळी त्याच मस्जिदीच्या खोलीत छडी ठेवतो. ज्याला चाळीस मुले सांभाळण्याचा दुसरा मार्ग माहीत नाही तो छडी उचलणारच. म्हणून नुसती बंदी पुरत नाही. गट कसे पाडायचे, मोठ्या मुलाला जबाबदारी कशी द्यायची, दंगा सुरू होण्याआधी काम कसे बदलायचे, हे त्याला शिकवावे लागेल.

मुलींच्या सुरक्षिततेवर तडजोड नको. मुलांच्याही नको. शिकवणाऱ्या प्रत्येकाला २०१२ चा पॉक्सो कायदा माहीत असला पाहिजे. अशा गुन्ह्याची माहिती असलेल्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, 'मोहल्ल्याची इज्जत' हे गप्प बसण्याचे कारण कायद्यात चालत नाही. मोठ्या माणसाने एकट्या मुलासोबत बंद खोलीत बसायचे नाही, दार उघडे राहील, वर्गावर शक्यतो दोघे असतील, मगरिबनंतर मुली गटाने परततील. हे नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावेत, चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांकही. आठवीनंतर आपल्या अनेक मुलींची शाळा सुटते ती बरेचदा अभ्यासामुळे नव्हे, तर येण्या-जाण्याच्या भीतीमुळे. शिकवणारी आपा मोहल्ल्यातलीच, घरी येऊन अम्मीशी बोलणारी असेल, तर ती भीती निम्मी होते.

पैशाचे काय? २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी चौथा हिस्सा कधी शाळेत गेलाच नाही किंवा शाळा सोडून बसला, असे नोंदवले गेले. त्यानंतर समाजात शिक्षणासाठी देणारे हात वाढले, अल्हम्दुलिल्लाह. पण देणगी इमारतीला जाते, कारण इमारतीवर नावाची पाटी लागते. शिकवणाऱ्या मुलीच्या मानधनावर पाटी लागत नाही. सरकारी पातळीवर मानवी गुंतवणुकीचे महत्त्व उशिरा का होईना दिसते : डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेत डी.एड. शिक्षकांचे मानधन सहा हजारांवरून सोळा हजार आणि बी.एड. शिक्षकांचे आठ हजारांवरून अठरा हजार करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२४ मध्ये घेतला. मोहल्ल्यातील अभ्यासवर्ग त्या योजनेत बसत नाहीत. धारणी-चिखलदऱ्यासारख्या तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून शाळांमध्ये अभ्यासिका चालतात, पण शहरातल्या वस्तीला त्याचा उपयोग नाही. तेव्हा खर्च आपणच उचलायचा आहे. जकातीची रक्कम कोणत्या खर्चाला चालते, हे स्थानिक आलिमांना विचारून घ्यावे. इमदाद आणि लिल्लाह रकमेला ती अडचण नाही. एक हिशेब मंडळांनी करून पाहावा : एका नव्या एसीच्या किमतीत दोन आपांचे किती महिन्यांचे मानधन निघते?

आणि वेळापत्रक. विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्यातील इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसवर जातो, शाळा सकाळच्या होतात, दुपारी कोणी घराबाहेर पडत नाही. मे-जूनमधल्या या मोकळ्या सकाळी, सात ते दहा, प्रशिक्षणासाठी सर्वांत सोयीच्या. परीक्षा दिलेली कॉलेजची मुले-मुली तेव्हा घरीच असतात आणि शिकवून बघायला मुलेही रिकामी असतात. पहिले चार दिवस ऐकणे आणि बघणे, पुढचे पंधरा दिवस प्रत्येकाने आठ-दहा मुलांचा गट रोज तासभर घेणे. मोहल्ल्यातील निवृत्त शिक्षक, शिक्षिका मागच्या ओळीत बसतील. बोलणार नाहीत, लिहितील. शेवटच्या अर्ध्या तासात चटईवर गोल बसून दिवसाची एक चांगली गोष्ट आणि एक अडलेली गोष्ट प्रत्येकाने सांगायची. असे निवृत्त शिक्षक अमरावतीत आणि अकोल्यात कमी नाहीत. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळांत आयुष्य घालवलेली ही माणसे सकाळी फजरनंतर चालायला जातात आणि दिवसभर त्यांना कोणी काही विचारत नाही.

दिवाळीनंतर कापूस वेचणीला हात लागतात, तेव्हा गावाकडची मुले गळतील. रमजानमध्ये मगरिबनंतरचा वर्ग चालणार नाही, तो जोहरनंतर घ्यावा लागेल. हे आधीच धरून चालले तर वर्ग बंद पडत नाही, फक्त सरकतो. महिन्याच्या शेवटच्या जुमेरातला शिकवणाऱ्यांची बैठक ठेवावी. अजेंडा नको, भाषण नको. प्रत्येकाने आपल्या गटातल्या एका मुलाची वही सोबत आणायची, आणि त्या वहीवर बोलायचे.